साडेसात वर्षांचा ब्रेक की साडेसाती? इलेक्ट्रॉनिक जोड्यांचं कमबॅक आणि स्ट्रीमिंगचा हिशेब

१८ नोव्हेंबर २०१६. नोटाबंदी जाहीर होऊन दहा दिवस झाले होते, एटीएमसमोरच्या रांगा हटत नव्हत्या आणि जिओ सुरू होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. त्या दिवशी पॅरिसच्या 'जस्टिस' या इलेक्ट्रॉनिक जोडीचा तिसरा अल्बम 'वुमन' आला. तेव्हा स्पॉटिफाय भारतात नव्हतं, यूट्यूब म्युझिकही नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांसाठी गाणं म्हणजे मेमरी कार्ड, शेअरइट आणि यूट्यूब.

जस्टिसचा पुढचा स्टुडिओ अल्बम 'हायपरड्रामा' आला २६ एप्रिल २०२४ ला. मध्ये जवळपास साडेसात वर्षं गेली. तरी कमबॅक जोरात झालं. त्याच अल्बममधल्या 'नेव्हरएंडर' या टेम इम्पालासोबतच्या गाण्याला फेब्रुवारी २०२५ मध्ये डान्स-इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डिंगचं ग्रॅमी मिळालं.

आता प्रश्न असा की हीच साडेसात वर्षं नाशिकमधल्या एखाद्या जोडीनं घेतली असती तर? दोन मित्र, एक लॅपटॉप, चार गाणी आणि मग मोठा ब्रेक. त्यांना परतता आलं असतं का? उत्तर फक्त टॅलेंटवर अवलंबून नाही. तुमच्या फोनमधलं म्युझिक ॲप कसं मोजतं, काय लक्षात ठेवतं आणि काय पुसून टाकतं, यावर ते बरंचसं ठरतं. ते कसं, हेच या लेखात बघूया.

मोठ्या जोड्या ब्रेकमध्ये काय करतात?

जस्टिस म्हणजे गॅस्पार ओजे आणि झेविए द रोझने. 'ब्रेक' म्हटलं तरी मधली वर्षं ते रिकामे बसले नव्हते. २०१८ मध्ये 'वुमन वर्ल्डवाइड' आला, ज्यात त्यांनी आपलीच जुनी गाणी लाइव्ह शोसारखी नव्यानं बांधली होती. त्यालाही ग्रॅमी मिळालं. २०२१ मध्ये ओजेनं एकट्याचा अल्बम काढला. म्हणजे नवा अल्बम नसला तरी जुनी गाणी वाजत होती, नाव चर्चेत होतं आणि मागे रेकॉर्ड लेबल होतं.

परत येतानाही घाई नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये आधी दोन गाणी आली, मग थोड्या थोड्या दिवसांनी आणखी काही, आणि एप्रिलमध्ये अल्बम. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या कोचेला फेस्टिव्हलमध्ये मोठा शो. या पद्धतीचा एक तांत्रिक फायदा आहे. प्रत्येक नव्या गाण्यासोबत ॲपला 'हे लोक परत आले' असा संकेत मिळतो. अल्बम येईपर्यंत तो संकेत चार-पाच वेळा जाऊन बसलेला असतो.

याच पॅरिसच्या आणखी मोठ्या जोडीचं उदाहरण घ्या. डाफ्ट पंकचा 'ह्यूमन आफ्टर ऑल' २००५ चा. पुढचा स्टुडिओ अल्बम 'रँडम ॲक्सेस मेमरीज' आला मे २०१३ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. मधे 'ट्रॉन: लेगसी' या सिनेमाचं संगीत त्यांनी केलं होतं. कमबॅकची जाहिरात टीव्हीवर पंधरा सेकंदांच्या तुकड्यांतून, रस्त्यावरच्या होर्डिंगवरून आणि कोचेलाच्या पडद्यांवरून झाली. अल्बमच्या लाँचसाठी त्यांनी निवडलं ऑस्ट्रेलियातलं वी वॉ नावाचं गाव. कापूस पिकवणारं, सुमारे दोन हजार वस्तीचं. तिथल्या वार्षिक कृषी प्रदर्शनात तो अल्बम वाजवला गेला. आपल्याकडे एखाद्या आंतरराष्ट्रीय अल्बमचं लाँच पिंपळगाव बसवंतच्या कृषी प्रदर्शनात व्हावं, तसाच प्रकार. या अल्बमला पुढच्या वर्षी पाच ग्रॅमी मिळाली, त्यात 'अल्बम ऑफ द इयर' पण होतं.

त्याच २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या 'बोर्ड्स ऑफ कॅनडा' या दोन भावांच्या जोडीनंही आठ वर्षांनी अल्बम काढला. त्यांनी तर दुकानात गुपचूप रेकॉर्ड ठेवून त्यात आकड्यांचा कोड लपवला. सहा-सहा अंकांचे सहा तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी सोडले आणि चाहत्यांनी ते जुळवत बसायचं.

या तिन्ही कमबॅकमध्ये एक गोष्ट समान आहे. शांत राहिल्यामुळे लोकांची उत्सुकता वाढली. लोक त्यांची वाट बघत होते. शांतता हीच त्यांची जाहिरात ठरली.

आता हे गणित आपल्या गावात आणून बघू.

समजा, सिडको आणि पंचवटीतली दोघं

हे उदाहरण कल्पित आहे, पण त्यात येणारे नियम खरे आहेत.

समजा, एक सिडकोतला आणि एक पंचवटीतली, दोघं कॉलेजमधले दोस्त. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपवर एफएल स्टुडिओत नाशिक ढोलचे लूप घेऊन त्यांनी चार ट्रॅक बनवले. एका ऑनलाइन डिस्ट्रिब्युटरमार्फत ते स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावनवर टाकले. मित्रांनी शेअर केले, गणपतीत दोन-तीन रील बनल्या, काही हजार स्ट्रीम झाले. मग २०२२ मध्ये तिला हिंजवडीत नोकरी लागली, तो सातपूर एमआयडीसीत शिफ्ट करायला लागला. चार वर्षं नवं काही नाही. आता दोघांनी ठरवलंय की पूर्ण अल्बम काढायचा.

या चार वर्षांत त्यांच्या जुन्या गाण्यांचं काय झालं असेल? चार शक्यता बघूया.

१. वर्गणी संपली, गाणी गायब

स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकवर तुम्ही थेट गाणं चढवू शकत नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. त्यांचे मुख्य दोन प्रकार आहेत. काही जण एका गाण्याची किंवा अल्बमची एकदाच फी घेतात. सीडी बेबी हे त्याचं जुनं उदाहरण. काही जण वार्षिक वर्गणी घेतात आणि त्यात हवी तितकी गाणी टाकू देतात. डिस्ट्रोकिड त्यातलं लोकप्रिय नाव.

दर महिन्याला गाणं काढणाऱ्याला वर्गणीवाला प्रकार स्वस्त पडतो. पण ब्रेक घेतला, कार्ड एक्सपायर झालं आणि वर्गणी भरायची राहिली, तर गाणी ॲपवरून उतरू शकतात. डिस्ट्रोकिडवर हे टाळायला वेगळे पैसे भरून गाणं कायमचं ठेवायची सोय आहे, पण ती आधी घ्यावी लागते. पुष्कळ नवख्यांना हे माहीतच नसतं.

म्हणजे आपल्या जोडीनं काहीही चूक न करता, फक्त शांत बसल्यानं, त्यांचं काम दुकानातून उचललं जाऊ शकतं. जस्टिसच्या बाबतीत हे होणार नाही, कारण तिथं वर्गणी भरायला लेबल आहे.

२. हजारचा उंबरठा

आधी पैसे कसे वाटले जातात ते समजून घेऊ. 'एका स्ट्रीमला इतके पैसे' असा ठरलेला दर नसतो. एका महिन्यात वर्गण्या आणि जाहिरातींतून जमलेल्या रकमेचा एक हिस्सा गाण्यांच्या मालकांसाठी बाजूला निघतो. समजा हा हिस्सा १०० रुपये आहे आणि त्या महिन्यात सगळी मिळून गाणी १०० वेळा वाजली. तुमचं गाणं २ वेळा वाजलं असेल तर तुमच्या वाट्याला २ रुपये. गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच स्पॉटिफाय तो स्ट्रीम मोजतं.

२०२४ च्या सुरुवातीपासून स्पॉटिफायनं यात एक अट घातली. ज्या ट्रॅकला गेल्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नाहीत, तो या वाटपात धरलाच जात नाही. त्याचे पैसे बाकीच्या गाण्यांमध्ये जातात.

कंपनीची बाजू अशी: हजारच्या खालच्या ट्रॅकना महिन्याला सरासरी तीन सेंटच मिळत होते, ते कलाकारापर्यंत पोहोचतही नव्हते, आणि एकूण ऐकण्यापैकी ९९.५ टक्के ऐकणं हजारच्या वरच्याच ट्रॅकचं आहे. हिशेबापुरतं ते बरोबर आहे.

पण ब्रेकच्या नजरेतून बघा. अट 'आतापर्यंत एकूण' हजारची नाहीये, 'गेल्या १२ महिन्यांत' हजारची आहे. आपल्या जोडीच्या ट्रॅकला २०२१ मध्ये पाच हजार स्ट्रीम मिळाले असतील, तरी शांततेच्या तिसऱ्या वर्षी तो ट्रॅक उंबरठ्याच्या खाली असू शकतो. पैसे किरकोळच होते, मान्य. पण 'तुमचं गाणं मोजण्यालायक नाही' हा निरोप किरकोळ नाही. घरी 'अजून ते म्युझिकचं चालू आहे का' असं विचारणाऱ्यांना दाखवायला निदान एक आकडा असायचा, तोही गेला.

३. अल्गोरिदमची आठवण छोटी असते

२०१५ पासून जगभरात नवं संगीत साधारणपणे शुक्रवारी येतं. स्पॉटिफायची 'रिलीज रडार' ही प्लेलिस्टही शुक्रवारी बदलते. तुम्ही ज्यांना फॉलो करता आणि ज्यांचं ऐकता, त्यांची नवी गाणी त्यात येतात. कलाकारानं रिलीजच्या किमान सात दिवस आधी गाणं स्पॉटिफायच्या कलाकार-ॲपमधून पाठवलं, तर ते फॉलोअर्सच्या रडारमध्ये जातं.

इथं 'फॉलो' या बटणाचं महत्त्व कळतं. बाकीच्या शिफारसी अलीकडच्या सवयींवर चालतात. तुम्ही या महिन्यात काय ऐकलंत, काय अर्धवट सोडलंत, काय सेव्ह केलंत. चार वर्षांपूर्वी आवडलेली जोडी तुमच्या अलीकडच्या सवयींत नसते. म्हणून तुम्हाला ते लोक आठवत असले तरी ॲपला आठवतील याची खात्री नाही. फॉलो केलेलं असेल तर मात्र एक धागा शिल्लक राहतो.

आणि ॲपच राहिलं नाही तर? मधल्या काळात काय काय झालं ते आठवा. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. जुलैमध्ये इन्स्टाग्राम रील्स आलं. २०२२ मध्ये गानानं फुकट ऐकणं बंद करून फक्त वर्गणीचं मॉडेल घेतलं. ३१ जानेवारी २०२४ ला रेसो भारतातून गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलनं विंक बंद करत असल्याचं सांगितलं. यांतल्या प्रत्येक ॲपवर लोकांच्या प्लेलिस्ट होत्या, लाइक केलेली गाणी होती. कलाकार ब्रेकवर जातो तेव्हा निदान तो परत येऊ शकतो. ॲप गेलं की त्यातली ओळख परत येत नाही.

४. रिकाम्या घरात दुसराच कुणी

ही सगळ्यात नवी अडचण. डिस्ट्रिब्युटरमार्फत गाणं येतं तेव्हा ते कोणत्या कलाकाराच्या पेजवर लावायचं, हे नाव आणि त्या कलाकाराच्या आयडीवरून ठरतं. नाव सारखं असलं किंवा कुणी मुद्दाम तेच नाव टाकलं, तर दुसऱ्याचं गाणं तुमच्या पेजवर येऊ शकतं. तुम्ही सक्रिय असाल तर दोन दिवसांत लक्षात येईल. ब्रेकवर असाल तर?

२०२५ च्या जुलैमध्ये हे उघडपणे घडलं. ब्लेझ फोली हा अमेरिकन गायक १९८९ मध्ये वारला. त्याच्या स्पॉटिफाय पेजवर एक 'नवं' गाणं आलं, जे त्यानं कधी गायलंच नव्हतं. एआयनं बनवलेलं ते गाणं तक्रारीनंतर काढलं गेलं. त्याच उन्हाळ्यात 'द व्हेल्व्हेट सनडाऊन' नावाच्या बँडला महिन्याला दहा लाखांहून जास्त श्रोते मिळाले. तो बँडही एआयची निर्मिती निघाला.

प्रमाण किती आहे? स्पॉटिफायनं सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की आधीच्या १२ महिन्यांत साडेसात कोटींहून जास्त स्पॅम ट्रॅक काढले. फ्रान्सच्या डीझरनं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी सुमारे ३४ टक्के, म्हणजे दिवसाला जवळपास ५० हजार, पूर्णपणे एआयनं बनवलेली असतात.

चार वर्षांनी परतणारी आपली जोडी या गर्दीत येऊन उभी राहणार आहे. २०१३ मध्ये शांततेनंतर आलेला आवाज ठळक ऐकू यायचा. आता आजूबाजूला शांतता उरलेलीच नाही.

पण स्ट्रीमिंगमुळे फायदाही झालाच की!

झाला, आणि तो नाकारून चालणार नाही. २०१६ मध्ये मराठीत इलेक्ट्रॉनिक ट्रॅक बनवून तो परदेशी डान्स लेबलवर येईल, असं म्हटलं असतं तर लोक हसले असते. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या 'स्पिनिन रेकॉर्ड्स'वर आलं आणि रील्समधून कुठल्या कुठं पोहोचलं. क्रेटेक्स या मराठी हाऊस संगीताला 'एम-हाऊस' म्हणतो. मुंबई-पुण्यात ऑफिस नाही, सीडी छापायला पैसे नाहीत, तरी गाणं जगभर एका दिवशी उपलब्ध होतं, ही सोय खरी आहे.

शिवाय जुनं गाणं कधीही नव्यानं सापडू शकतं. पूर्वी दुकानातून कॅसेट गेली की विषय संपला. आता सहा वर्षांपूर्वीचा ट्रॅक एखाद्या रीलमुळे अचानक उठू शकतो.

फक्त यात एक अट लपलेली आहे. तो ट्रॅक तिथं असायला हवा, तुमच्याच नावावर असायला हवा आणि त्याचे पैसे तुमच्यापर्यंत यायची वाट उघडी असायला हवी. स्ट्रीमिंगनं दार उघडलंय, पण ते उघडं ठेवायचं काम कलाकारावरच टाकलंय.

मुंबईची गोष्ट: २८ वर्षांनी झालेलं कमबॅक

काम टिकवून ठेवण्याचा मुद्दा समजायला आपल्याच राज्यातलं एक उदाहरण आहे. ही जोडी नाही, एकच माणूस आहे, पण ब्रेक सगळ्यांत मोठा आहे.

चरणजित सिंग हे मुंबईत हिंदी सिनेमांच्या गाण्यांमध्ये वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड काढली. त्यात रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बेस वाजवणारं छोटं यंत्र. ३०३ बनवलं होतं बेस गिटारवादकाच्या जागी सरावाला वापरता यावं म्हणून. त्या कामात ते फारसं जमलं नाही आणि लवकरच बंद झालं. पण त्याचा तो वळवळणारा आवाज पुढे शिकागोत लोकांनी उचलला. १९८७ च्या 'ॲसिड ट्रॅक्स'पासून 'ॲसिड हाऊस' नावाचा प्रकारच सुरू झाला.

चरणजित सिंग यांनी मुंबईत त्याच्या पाच वर्षं आधी त्याच यंत्रावर राग वाजवले होते. तेव्हा कुणी फार लक्ष दिलं नाही. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाला ती रेकॉर्ड भारतात सापडली आणि २०१० मध्ये त्यांच्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलनं ती पुन्हा काढली. जगभर चर्चा झाली. सत्तरी गाठलेले चरणजित सिंग युरोपात जाऊन तेच राग पुन्हा यंत्रांवर वाजवायला लागले. २०१५ मध्ये ते वारले.

हे कमबॅक शक्य का झालं? कारण ती रेकॉर्ड नावाची वस्तू कुठंतरी शिल्लक होती. कुणी वर्गणी भरली नाही म्हणून ती नाहीशी झाली नाही. आता आपल्या जोडीचे चार ट्रॅक घ्या. ते डिस्ट्रिब्युटरनं उतरवले आणि लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, तर २८ वर्षांनी कुणाला काय सापडणार?

ब्रेक घ्यायचाय? आधी एवढं करा

नाशिक, मालेगाव, निफाड, कुठंही असा, घरच्या घरी ट्रॅक बनवत असाल तर ही यादी सेव्ह करून ठेवा.

• स्टेम काढून ठेवा. फक्त प्रोजेक्ट फाइल ठेवणं पुरेसं नाही. चार वर्षांनी तो प्लगइन चालेल याची खात्री नसते. २०१९ मध्ये ॲपलनं मॅकवर ३२ बिटची सॉफ्टवेअर बंद केली, तेव्हा अनेकांचे जुने प्लगइन एका अपडेटमध्ये गेले. म्हणून ढोल, बेस, आवाज असा प्रत्येक भाग वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओला मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात. पाच मिनिटांचं गाणं आणि २० भाग असतील तर पावणेदोन जीबीच्या आसपास. म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर दहा-बारा गाणी आरामात बसतील. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा.

• आयएसआरसी लिहून ठेवा. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा हा ओळख कोड असतो. डिस्ट्रिब्युटर बदलताना तोच कोड आणि तीच फाइल दिली तर जुने स्ट्रीमचे आकडे साधारणपणे टिकतात. कोड हरवला तर गाणं नव्यानं शून्यापासून सुरू होऊ शकतं.

• डिस्ट्रिब्युटरची अट वाचा. वर्गणी थांबली तर गाण्यांचं काय होतं, एवढा एकच प्रश्न विचारा. मोठा ब्रेक घ्यायचा असेल तर एकदाच फी घेणारा पर्याय किंवा कायम ठेवायची सोय बघा.

• दोघांत लेखी ठरवा. जोडीसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. नाव कुणाचं, लॉगिन कुणाकडे, कोणत्या गाण्यात कुणाचा किती वाटा. वाटा वेगळ्या होऊ शकतात आणि त्यात वाईट काही नाही. न्यूक्लिया म्हणजे उद्यन सागर आधी 'बंदिश प्रोजेक्ट' या गटात होता, बाहेर पडून त्यानं स्वतःचं नाव केलं. डाफ्ट पंकनं फेब्रुवारी २०२१ मध्ये थांबायचं ठरवलं, तरी २०२३ मध्ये त्यांच्या अल्बमची दहा वर्षांची खास आवृत्ती व्यवस्थित निघाली. कागद नीट असले की वेगळं झाल्यावरही काम चालू राहतं.

• आयपीआरएसची माहिती घ्या. गीतकार आणि संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी ही भारतातली संस्था आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल झाला आणि सिनेमातल्या गाण्यांच्याही गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क स्पष्ट झाला. स्ट्रीमिंगचे डिस्ट्रिब्युटरकडून येणारे पैसे रेकॉर्डिंगचे असतात. रचनेचे पैसे वेगळे.

• महिन्यातून एकदा स्वतःचं पेज उघडा. नवं गाणं नसलं तरी चालेल. पण तुमच्या नावावर दुसऱ्याचं काही चढलंय का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

आणि ऐकणाऱ्यांनी?

गाणं बनवणारे थोडे, ऐकणारे जास्त. तुमच्याकडेही दोन-तीन गोष्टी आहेत.

पहिली, आवडलं तर फॉलो करा. नुसतं लाइक केलेलं गाणं हजार गाण्यांच्या यादीत बुडतं. फॉलोमुळे चार वर्षांनी आलेलं नवं गाणं तुमच्यापर्यंत येण्याची शक्यता राहते.

दुसरी, कमबॅक अल्बम आला की एकदा तरी क्रमानं ऐका. शफल बंद, क्रॉसफेड बंद. इलेक्ट्रॉनिक अल्बममध्ये अनेकदा एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळत जातो, ती जोडणी हाही रचनेचा भाग असतो. डेटाची काळजी नको. ३२० केबीपीएसला मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे ५० मिनिटांचा अल्बम १२० एमबीत होतो. लॉसलेसमध्ये तोच काही शे एमबी खाईल, आणि साध्या ब्लूटूथ इअरबडवर आवाज पुन्हा दाबूनच येतो. म्हणून लॉसलेसचा हट्ट वायरच्या हेडफोनसाठी ठेवा.

तिसरी, जमत असेल तर शोला जा. नाशिकमध्ये याचं महत्त्व आपण पाहिलंय. २००८ पासून द्राक्षमळ्यात होणारा सुलाफेस्ट २०२० नंतर थांबला होता. तो परतला फेब्रुवारी २०२५ मध्ये, पाच वर्षांनी. फेस्टिव्हललाही ब्रेक परवडला, कारण त्याच्यामागे कंपनी आहे, जागा आहे आणि तिकीट काढून येणारे लोक आहेत. सिडको-पंचवटीच्या जोडीला असा मंच मिळाला तर एका संध्याकाळी समोर उभे असलेले दोनशे लोक त्यांना हजार स्ट्रीमपेक्षा जास्त उपयोगी पडतील. त्या दोनशे जणांना त्यांची आठवण करून द्यायला अल्गोरिदम लागत नाही.

थोडक्यात

जस्टिस, डाफ्ट पंक, बोर्ड्स ऑफ कॅनडा यांची कमबॅक ऐकायला रोमँटिक वाटतात: वर्षानुवर्षं गायब आणि मग एकदम अल्बम. पण त्या शांततेचं भाडं कुणीतरी भरत होतं. कधी लेबलनं भरलं, कधी जुन्या गाण्यांनी, कधी टूरनं. छोट्या शहरातल्या जोडीचं हे भाडं भरणारं कुणी नाही, आणि सध्याचे नियम असे आहेत की जो थांबतो त्याच्या नावावरून आधी पैसे जातात, मग शिफारस जाते आणि कधी कधी गाणंही जातं.

यावर ॲप कंपन्यांनी करण्यासारखं पुष्कळ आहे. गाणं उतरवण्याआधी स्पष्ट सूचना देता येईल. झोपलेल्या पेजवर नवं गाणं लावण्याआधी मूळ कलाकाराची परवानगी घेता येईल. ॲप बंद होताना प्लेलिस्ट सोबत नेण्याची सोय देता येईल. यांतलं काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

तोपर्यंत नोकरी, शिफ्ट, परीक्षा, घरचं आजारपण, कशासाठीही थांबावं लागलं तर थांबा. गाणं बनवणारा माणूस दर शुक्रवारी काहीतरी टाकायला बांधलेला नाही. फक्त थांबण्याआधी एक रविवार काढून स्टेम, कोड आणि लेखी करार एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्याची दुसरी प्रत जोडीदाराच्या घरी द्या.